विमान म्हातारे कधी होते?

ओझरच्या टर्मिनलवरून समोर उभ्या असलेल्या पन्नास-सत्तर आसनी विमानाकडे पाहताना बहुतेक नाशिककरांच्या मनात एक शंका येते. एवढेसे विमान, तेही दुसऱ्या कुणी वापरून झालेले. किती वर्षांचे असेल?

शंका रास्त आहे. २०२१च्या जानेवारीत स्टार एअरने बेळगाव-नाशिक सेवा सुरू केली ती एम्ब्रेअर १४५ या ५० आसनी जेटने. स्टार एअर ही कोल्हापूरच्या संजय घोडावत समूहाची कंपनी. तिने २०१९च्या जानेवारीत व्यवसाय सुरू केला तेव्हा हीच जेट विमाने तिच्या ताफ्यात होती. ब्राझीलमध्ये तयार झालेले हे विमान ऑगस्ट १९९५मध्ये पहिल्यांदा आकाशात झेपावले. आपल्या हवाई दलाचे ‘नेत्र’ हे टेहळणी विमान याच सांगाड्यावर उभारलेले आहे. पण स्टार एअरने आणलेली विमाने कोरी नव्हती, ती वापरलेली होती. मग एवढ्या वर्षांपूर्वीच्या आराखड्याच्या, वापरलेल्या विमानात निर्धास्त बसावे का? बसावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामागचे कारण समजून घ्यायचे तर विमानाचे वय मोजतात कसे, तिथपासून सुरुवात करावी लागेल.

प्रत्येक विमानासोबत तीन हिशेब जन्मभर चालतात. पहिला कॅलेंडरचा, म्हणजे कारखान्यातून बाहेर पडल्यापासूनची वर्षे. दुसरा तासांचा, म्हणजे हवेत घालवलेला वेळ. तिसरा सायकलींचा. एकदा उडणे आणि एकदा उतरणे मिळून एक सायकल होते, मग ते उड्डाण अर्ध्या तासाचे असो की सोळा तासांचे. प्रत्येक उड्डाणानंतर हे आकडे विमानाच्या नोंदवहीत चढतात. विमान विकले गेले, देश बदलला, रंग बदलला, तरी या नोंदी त्याच्याबरोबर जातात. किंबहुना वापरलेले विमान घेणारा माणूस विमानाआधी कागद तपासतो. ज्या भागाची नोंद सापडत नाही, तो भाग दिसायला कितीही चांगला असला तरी विमानावर बसवता येत नाही.

छोट्या विमानांच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा हिशेब सायकलींचा. तो का, हे सांगतो.

पस्तीस हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण एक चतुर्थांश उरतो. तिथे माणूस उघड्या हवेत शुद्धीवर राहू शकत नाही. म्हणून केबिनमध्ये हवा दाबून भरतात आणि आतली परिस्थिती साधारण आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखी ठेवतात. आत दाब जास्त, बाहेर कमी. या फरकामुळे विमानाच्या पत्र्यावर आतून बाहेर ढकलणारा जोर पडतो. एम्ब्रेअर १४५सारख्या विमानात हा जोर दर चौरस मीटरला साडेपाच टनांच्या आसपास जातो. विमान वर चढले की पत्रा ताणला जातो, खाली आले की सैल होतो. ताण एकदा आला तर धातूला काही होत नाही. हजारो वेळा येत-जात राहिला, तर होते. द्राक्षबागेत मांडव बांधताना हाताशी पकड नसली की गडी तार पुन्हा पुन्हा वाकवून तोडतो. एका झटक्यात न तुटणारी तार वीस-पंचवीस हेलकाव्यांत तुटते. विमानाचा पत्रा वाकवला जात नाही, त्यावरचा ताणही मर्यादेच्या खूप आत ठेवलेला असतो. म्हणून तिथे हेलकाव्यांची संख्या विसात नव्हे, हजारांत जाते. पण तत्त्व तेच. अभियंते याला धातूचा थकवा म्हणतात. रिव्हेटच्या भोकाची कड, खिडकीचा कोपरा, दोन पत्रे एकमेकांवर चढतात तो जोड, अशा जागी ताण एकवटतो आणि तिथेच केसाएवढी पहिली चीर पडते.

हे शहाणपण फार महाग पडले आहे. जगातले पहिले प्रवासी जेट म्हणजे ब्रिटनचे कॉमेट. १९५४च्या जानेवारीत त्यातले एक इटलीजवळच्या एल्बा बेटाशेजारी समुद्रात कोसळले. त्याची बाराशे-तेराशे उड्डाणेच झाली होती. कारण शोधण्यासाठी इंग्लंडमधल्या फार्नबरोला दुसरे एक कॉमेट पाण्याच्या प्रचंड टाकीत ठेवून त्यात पुन्हा पुन्हा दाब भरण्यात आला. प्रत्यक्ष आणि कृत्रिम अशी मिळून ३,०५७ उड्डाणे झाली आणि त्याची भिंत फाटली. तेव्हापासून कोणतेही नवे प्रवासी विमान बाजारात येताना त्याचा एक पूर्ण सांगाडा फक्त या छळासाठी राखून ठेवतात. तो कधीच उडत नाही. रात्रंदिवस त्यात दाब भरायचा, सोडायचा, पंख वाकवायचे, सरळ करायचे. अपेक्षित आयुष्याच्या निदान दुप्पट सायकली त्याच्याकडून करून घेतल्या जातात.

दुसरा धडा १९८८चा आहे आणि तो आपल्या विषयाच्या अधिक जवळचा. हवाई बेटांवरची अलोहा एअरलाइन्स ही बोइंग ७३७ विमाने एका बेटावरून दुसऱ्या बेटावर फिरवत असे. २८ एप्रिल १९८८ रोजी हिलोहून होनोलुलूला निघालेल्या विमानाच्या पुढच्या भागाचे छत चोवीस हजार फुटांवर उडून गेले. सुमारे साडेपाच मीटर लांबीचा पत्राच नाहीसा झाला. एक हवाई सेविका बाहेर फेकली जाऊन मृत्यू पावली. वैमानिकांनी तशा उघड्या विमानाला माउई बेटावर उतरवले आणि बाकीचे सगळे वाचले. विमान १९ वर्षांचे होते. तासांच्या हिशेबाने तर ते म्हातारे नव्हतेच, ३५,४९६ तास. पण सायकली होत्या ८९,६८०. भागाकार करून पाहा, दर उड्डाण सरासरी चोवीस मिनिटांचे! त्या विमानाचा आराखडा ७५,००० सायकलींचा होता. त्यात भर म्हणून समुद्राची खारी हवा पत्र्यांच्या जोडांत शिरली होती, दोन पत्रे चिकटवणारा गोंद सुटला होता आणि सगळा भार रिव्हेटांवर आला होता. एका चिरेवर लक्ष ठेवता येते. शेजारशेजारच्या अनेक भोकांतून एकाच वेळी निघालेल्या बारीक चिरा एकमेकींना मिळाल्या की सावध व्हायलाही वेळ उरत नाही. या अपघातानंतर जुन्या विमानांच्या तपासणीचे नियम जगभर बदलले. २०१०मध्ये अमेरिकेने मोठ्या विमानांसाठी एक पक्की सीमारेषा आणली. ठरावीक सायकली किंवा तास झाले की निर्मात्याने नव्याने सिद्ध करून दाखवल्याशिवाय विमान उडवता येत नाही.

आता आकडे पाहू. एम्ब्रेअर १७०-१९० कुटुंबातली विमाने ८०,००० सायकली गृहीत धरून बांधलेली आहेत. स्टार एअरने २०२३मध्ये ताफ्यात आणलेले ७६ आसनी ई-१७५ याच कुटुंबातले. इंडिगोने मार्च २०२३मध्ये नाशिकहून सेवा सुरू केली ती पंख्याच्या एटीआर ७२ विमानांनी, त्यांचा आराखडा ७०,००० सायकलींचा. याउलट एअरबस ए-३२०चे मूळ उद्दिष्ट होते ४८,००० आणि जंबो ७४७चे केवळ २०,०००. म्हणजे साधारणपणे विमान जितके छोटे, तितके ते जास्त उड्डाणांसाठी घडवलेले. यात आश्चर्य नाही. जंबो एकदा उडाले की आठ-दहा तास खाली येत नाही, दिवसाला दोन सायकलीसुद्धा होत नाहीत. छोट्या विमानाला दिवसभर चढउतार करायची असते, म्हणून त्याचा पत्रा, जोड, चाकांचे पाय सगळे त्या बेताने बनवतात. छोटे म्हणजे नाजूक हा समज इथे उलटा ठरतो.

हे आयुष्य वर्षांत किती होते? समजा, ई-१७५ सकाळी सातला निघाले आणि रात्री नऊपर्यंत कामावर राहिले. दर उड्डाणाला दारापासून दारापर्यंत सव्वा तास आणि जमिनीवर पस्तीस मिनिटे धरली, तर दिवसाला सात उड्डाणे बसतात. दुरुस्तीचे दिवस वजा करून वर्षाला ३३० दिवस उडाले, तर वर्षाच्या सायकली झाल्या २,३१०. ऐंशी हजारांना पोहोचायला ३४ वर्षांहून अधिक काळ लागेल. म्हणजे पंधरा-सोळा वर्षांचे, पूर्ण वेळ राबलेले असे विमानही सायकलींच्या हिशेबाने अर्ध्या वाटेवरसुद्धा आलेले नसते. त्यातच आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, बाहेरून आणलेल्या विमानाच्या वयावर मर्यादाही घालते.

शिवाय सायकलींची ही संख्या म्हणजे औषधाच्या पाकिटावरची मुदत नाही. डॅश ८ या कॅनडाच्या छोट्या विमानाची १०० मालिका ८०,००० सायकलींसाठी होती. नॉर्वेची विदरो ही कंपनी उत्तरेकडच्या आखूड धावपट्ट्यांवर ती इतकी वापरते की मर्यादा जवळ आली. तेव्हा निर्मात्याने नव्या तपासण्या आणि काही भागांची बदली ठरवून ती १,२०,००० पर्यंत वाढवून दिली. खर्च करायची तयारी असेल, तर सांगाडा चालत राहतो.

मग छोटी जेट विमाने निवृत्त का होतात? बहुतेक वेळा पैशामुळे. ही कहाणी अमेरिकेची आहे, पण तिचा शेवट ओझरच्या धावपट्टीपर्यंत येतो. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी लहान शहरांची उड्डाणे उपकंपन्यांकडे सोपवली. आपले काम स्वस्त वैमानिकांकडे जाऊ नये म्हणून मोठ्या कंपन्यांच्या वैमानिक संघटनांनी करारात अटी घातल्या. उपकंपनीचे विमान अमुक आसनांपेक्षा मोठे नको. त्या अटींमुळे पन्नास आसनी जेटची प्रचंड मागणी निघाली. २००८मध्ये इंधनाचे भाव कडाडले, तेव्हा पन्नास जणांत तो खर्च वाटणे परवडेना. पुढे करार बदलले, मर्यादा ७६ आसनांवर गेली आणि पन्नास आसनी विमाने अर्धे आयुष्य शिल्लक असताना वाळवंटातल्या तळांवर उभी राहिली. ई-१७५मध्ये आसने ७६च का, याचे मूळ अमेरिकेतल्या या कामगार करारांत आहे. भारतातल्या नव्या कंपनीला अशी विमाने स्वस्तात मिळतात. पण हे विमान स्वस्त होते ते धातू थकल्यामुळे नव्हे, त्या बाजारात त्याचा हिशेब बसेना म्हणून, हे नीट लक्षात घेतले पाहिजे.

हिशेब बसण्याचा सगळा खेळ वापरावर आहे. विमानाचे भाडे महिन्याला द्यावे लागते, ते उडो न उडो. समजा भाडे महिना एक कोटी रुपये आहे. विमान रोज चार तास उडाले, तर महिन्याचे १२० तास, म्हणजे तासाला ८३ हजारांवर नुसते भाडे पडते. आठ तास उडाले, तर तेच ४२ हजारांच्या आत येते. वैमानिकांचे पगार, विमा, कार्यालये यांचेही तसेच. स्वस्त तिकिटे विकणाऱ्या कंपन्या ए-३२० रोज बारा तासांच्या आसपास उडवतात, छोट्या विमानाला आठ-नऊ तास म्हणजे उत्तम. जमिनीवर जाणारा वेळ दोघांचा जवळजवळ सारखा, पण छोट्याला तो दर तासाभराने द्यावा लागतो. उड्डाण कमी पल्ल्याचे असेल, तर तास कमी भरणारच.

नाशिकच्या विमानसेवेचा गेल्या काही वर्षांचा अनुभव या गणितातून वाचता येतो. छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेत एअर डेक्कनने २३ डिसेंबर २०१७ रोजी मुंबई-नाशिक सेवा सुरू केली ती १९ आसनी बीचक्राफ्टने. सेवा रडतखडत चालली. एवढ्या थोड्या आसनांवर, इतक्या आखूड अंतरावर, मुंबईसारख्या गजबजलेल्या विमानतळावर वेळ मिळवून दिवसाला पुरेसे तास भरणे अवघडच होते. जून २०१८मध्ये जेट एअरवेज दिल्लीला जाऊ लागली आणि २०१९च्या एप्रिलमध्ये ती कंपनीच थांबली. ट्रूजेटची एटीआर येऊन गेली आणि २०२२मध्ये तिचाही कारभार थंडावला. देशात याआधी तामिळनाडूच्या पॅरामाउंटने आणि विजयवाड्याच्या एअर कोस्टाने एम्ब्रेअर जेट चालवून पाहिली होती, त्याही राहिल्या नाहीत. या सगळ्या बंद पडलेल्या कंपन्यांची विमाने मात्र बहुतेक दुसऱ्या कुणाच्या रंगात पुढे उडत राहिली. भारतात विमानापेक्षा विमान कंपनी लवकर मरते, हे कटू आहे पण खरे आहे.

जास्त वापराने विमान खिळखिळे होईल, अशी भीती अनेकांना वाटते. वस्तुस्थिती अशी की नियमित उडणारे विमान उभ्या विमानापेक्षा निरोगी असते. उभे राहिले की रबरी सील सुकतात, टाक्यांत पाणी साचते, वेग मोजणाऱ्या बारीक नळ्यांत किडे घर करतात. आपल्याकडचा पावसाळा तर गंजाला आमंत्रणच. गंज बाहेर दिसत नाही. तो धरतो शौचालयाच्या आणि पँट्रीच्या खालच्या तुळयांना, जिथे ओल झिरपते. सायकली कमी आणि वर्षे जास्त असलेल्या विमानाचे खरे दुखणे हेच. वाळवंटात विमाने ठेवतात ती याच कारणाने, कोरड्या हवेत धातू टिकतो.

देखभाल पायरीपायरीने चालते. प्रत्येक उड्डाणाआधी वैमानिक किंवा अभियंता विमानाभोवती फेरी मारतो, टायर, पंखांच्या कडा, इंजिनाची तोंडे, कुठे गळती आहे का ते पाहतो. काहीशे तासांनी ए-चेक, तो बहुधा रात्रीतून आटोपतो. काही हजार तासांनी सी-चेक, तेव्हा विमान हँगरमध्ये जाऊन काही दिवस, कधी काही आठवडे अडकते. आसने, पॅनेल, फरशी काढून आतला सांगाडा उघडा करतात, विद्युतप्रवाहाच्या आणि ध्वनिलहरींच्या उपकरणांनी डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा शोधतात. चाकांचे पाय साधारण दहा-बारा वर्षांनी पूर्ण उतरवून नव्यासारखे करावे लागतात. इंजिनाचे गणित आणखी कडक. त्यातल्या फिरत्या चकत्यांना सायकलींची ठाम मर्यादा असते, ती भरली की चकती निर्दोष दिसली तरी फेकायची. तिथे सवलत नाही, कारण वेगाने फिरणारी चकती फुटली तर तिचे तुकडे थोपवता येत नाहीत. म्हणून पंचवीस वर्षांच्या विमानाचे इंजिन आतून बरेच नवे असू शकते. जुन्या छोट्या जेटच्या एकूण किमतीत सांगाड्यापेक्षा इंजिनांचाच वाटा मोठा असतो.

आणि ही विद्या नाशिकला परकी नाही. १९६४मध्ये उभ्या राहिलेल्या ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये मिग बनली, पुढे सुखोई-३० बनली. शेजारीच हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो लढाऊ विमाने उघडून पुन्हा जोडतो. सुखोईच्या सांगाड्याचे आयुष्य ६,००० तासांचे धरलेले आहे आणि १,५०० तासांनी संपूर्ण ओव्हरहॉल. छोटे प्रवासी जेट ६,००० तास दोन-सव्वादोन वर्षांत उडून मोकळे होते. लढाऊ विमानाचा दर तास गुरुत्वाच्या कितीतरी पट ताणाचा असतो, म्हणून दोन्हींची मापे वेगळी. पण विमान शेवटच्या पत्र्यापर्यंत उघडणे, चीर शोधणे, प्रत्येक भागाची नोंद जपणे, यात मुरलेले हात आणि डोळे ओझरकडे साठ वर्षांपासून आहेत.

२०२३च्या नोव्हेंबरमध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि एअरबस यांच्यात ए-३२० कुटुंबातल्या विमानांची देखभाल नाशिकला करण्याचा करार झाला. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये याच कंपनीने रशियाच्या युनायटेड एअरक्राफ्ट कॉर्पोरेशनशी एसजे-१०० हे प्रादेशिक जेट भारतात बनवण्यासाठी सामंजस्य करार केला. कानपूरचे ॲव्रो १९८८मध्ये थांबल्यानंतर भारतात तेवढ्या आकाराचे प्रवासी विमान बनलेले नाही, त्यामुळे या बातमीने आनंद होणे स्वाभाविक आहे. पण एसजे-१००च्या पहिल्या अवताराचा, सुपरजेटचा, इतिहास विसरून चालणार नाही. विमान हवेत चांगले होते. मेक्सिकोच्या इंटरजेटने आणि आयर्लंडच्या सिटीजेटने ते घेतलेही. मात्र इंजिनाचे सुटे भाग वेळेवर मिळेनात, विमाने जमिनीवर अडकली आणि दोन्ही कंपन्यांचा उत्साह ओसरला. नव्या विमानाला रशियाचेच पीडी-८ इंजिन आहे. त्याची खरी परीक्षा पहिल्या उड्डाणात नाही, पाचव्या वर्षी ते रोज किती तास उडते यात आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. नाशिकहून आणखी कोणत्या शहराला विमान हवे, याची निवेदने आपले लोकप्रतिनिधी, निमासारख्या उद्योग संघटना नेहमी देतात. त्यात यापुढे एक ओळ जोडावी. ए-३२०बरोबरच एटीआर आणि एम्ब्रेअरच्या सी-चेकची सोयही ओझरला व्हावी आणि त्यांच्या सुट्या भागांचे गोदाम इथे असावे. ज्या गावात छोटे विमान दुरुस्त होते, तिथे ते रात्री मुक्कामाला येते, सकाळी तिथूनच निघते आणि तिथली सेवा सहसा रद्द होत नाही.